खडकवासल्यातलं सुदान

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या, म्हणजे एनडीएतल्या, सगळ्यात देखण्या इमारतीला एका आफ्रिकी देशाचं नाव आहे, हे पुण्यात बहुतेकांना ठाऊक असतं. सुदान ब्लॉक. दीक्षान्त संचलनाच्या बातमीत तो घुमट हमखास दिसतो. तीन मजली दगडी इमारत, बेसॉल्ट, त्यात जोधपूरचा तांबडा दगड, कमानी, खांब, लांबलचक व्हरांडे. 'सुदाननं देणगी दिली होती म्हणून ते नाव,' इतकी माहितीही कुणीतरी पुरवतं. पण ती देणगी नेमकी कुणी दिली, कुणाला दिली आणि कशाबद्दल दिली, हे बघायला गेलं की आपल्या स्वातंत्र्याबद्दलच्या कितीतरी गोष्टी हाती लागतात. गेली काही वर्षं हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. कारण पुढं येईलच.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. १९४० च्या जुलैत मुसोलिनीच्या फौजा इटलीच्या ताब्यातल्या एरिट्रियातून सुदानात घुसल्या आणि त्यांनी कसाला हे सरहद्दीवरचं गाव घेतलं. त्यांना मागं रेटायला जे सैन्य गेलं, त्यात भारताच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजन होत्या. पुढच्या वर्षी एरिट्रियातल्या केरेनच्या खिंडीत जवळजवळ दोन महिने लढाई चालली. उघडे कातळ, वर शत्रू, खाली आपण, आणि पाणीसुद्धा पाठीवर वाहून न्यायचं. २७ मार्च १९४१ ला केरेन पडलं. या लढाईत मराठा पलटणीही होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं ती. घरी पोचलेल्या तारेत केरेन हे नाव वाचून ते कुठं आलं हे गावात कुणाला सांगता आलं असेल?

ही माणसं स्वतः पारतंत्र्यात होती. लढायचं की नाही हे भारताला कुणी विचारलं नव्हतं. व्हाइसरॉयनं एका घोषणेत देशाला युद्धात ओढलं होतं. ज्या सुदानसाठी ती लढली, तोही ब्रिटिशांच्याच ताब्यात. म्हणजे एका गुलाम देशाची माणसं दुसऱ्या गुलाम देशाच्या रक्षणासाठी, मालकाच्या हुकमावरून मेली. मग सुदान सरकारनं त्यांच्या स्मारकासाठी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे एक लाख पौंड दिले. ते सरकारही ब्रिटिशांनी चालवलेलंच होतं. त्यामुळं 'सुदानी जनतेनं कृतज्ञतेनं दिलेली भेट' असं जे म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. पैसा मात्र सुदानच्या तिजोरीतला होता आणि रक्त भारतीय होतं. त्या व्यवहारात एवढ्या दोनच गोष्टी अस्सल होत्या, असं मी मानते.

पुढं फाळणी झाली. त्या लाखातले सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले, तीस हजार पाकिस्तानच्या. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी खडकवासल्याला प्रबोधिनीची कोनशिला बसवली. आणि ३० मे १९५९ रोजी सुदान ब्लॉकचं उद्घाटन झालं, ते सुदानचे भारतातले राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांच्या हस्ते. मला या तारखेचं महत्त्व फार वाटतं. देणगी दिली गेली तेव्हा देणारा आणि घेणारा दोघंही परक्यांचे प्रतिनिधी होते. दार उघडलं तेव्हा एका स्वतंत्र देशाचा राजदूत दुसऱ्या स्वतंत्र देशाच्या अंगणात उभा होता. मधल्या अठरा वर्षांत जे घडलं, त्यातला एक तुकडा आपण फारच कमी सांगतो.

१९५३ साली सुदानात पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. ब्रिटन आणि इजिप्त या दोघांचाही सुदानवर दावा, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही. म्हणून सात जणांचा आयोग नेमला गेला: तीन सुदानी, एक ब्रिटिश, एक इजिप्शियन, एक अमेरिकन आणि अध्यक्ष म्हणून एक भारतीय. ते होते सुकुमार सेन, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. सतरा कोटींहून जास्त मतदारांची, त्यातल्या बहुसंख्य निरक्षरांची निवडणूक त्यांनी नुकतीच पार पाडली होती. चिन्हं लावलेल्या पेट्या, बोटावरची शाई, यादीत स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' म्हणणाऱ्या लाखो स्त्रिया, हे सगळं त्यांनी निस्तरलेलं. तो अनुभव घेऊन हा माणूस नाईलकाठी गेला. भारताकडे त्या वेळी द्यायला पैसा नव्हता, शस्त्रं नव्हती, धान्यसुद्धा आपण बाहेरून आणत होतो. गरीब, अशिक्षित माणसाचं मत तितक्याच किमतीचं असतं हे करून दाखवल्याचा अनुभव तेवढा होता, आणि सुदानला नेमका तोच हवा होता.

दोन वर्षांनी इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरली. सुदान अजून स्वतंत्र झाला नव्हता, त्याला झेंडा नव्हता. आपल्या परराष्ट्र खात्यातली मंडळी एक गोष्ट नेहमी सांगतात: नेहरूंनी खिशातला रुमाल काढला, त्यावर 'सुदान' असं लिहिलं आणि त्या देशाची जागा राखून ठेवली. १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला.

दुसऱ्या देशातल्या माणसांसाठी बोलण्याची ही सवय १९४७ नंतर लागली, असं मात्र नाही. तिचं एक मूळ पुण्यातच आहे. भांडारकर रस्त्याच्या परिसरात भारत सेवक समाजाची जी जुनी, झाडांत दडलेली वास्तू आहे, तिथून रोज हजारो गाड्या जातात. तो समाज गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली काढला. १९१० मध्ये त्यांनी कायदेमंडळात ठराव मांडून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला जाणारी गिरमिट्यांची, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरांची, भरती थांबवायला सरकारला भाग पाडलं. दोन वर्षांनी सगळीचकडची गिरमिट पद्धत बंद करा, असा ठराव मांडला, तो पडला. त्याच वर्षाअखेर मधुमेहानं पोखरलेलं शरीर घेऊन ते दक्षिण आफ्रिकेला गेले. गिरमिट संपलेल्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता, तो रद्द व्हावा म्हणून ते प्रिटोरियात तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. गांधींनी त्या दौऱ्याची एक आठवण लिहून ठेवलीय. तिकडच्या सभांमध्ये कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय असत, म्हणून गांधींनी गोखल्यांना मराठीतून बोलायची गळ घातली, आणि स्वतः हिंदुस्तानीत त्याचं भाषांतर करत राहिले. घरापासून इतक्या दूर, मळ्यात आणि दुकानात राबलेल्या त्या माणसांनी आपल्या भाषेत 'तुमच्यासाठी मी आलोय' हे ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी कितीदा तरी विचार करते. कर १९१४ साली रद्द झाला. गोखले पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेले, पन्नाशीही पूर्ण न करता.

आता पुढचा दुवा. १९४६. भारतात अजून ब्रिटिशांचं राज्य, दिल्लीत नुकतंच हंगामी सरकार आलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत विजयालक्ष्मी पंडित यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न मांडला. समोर दक्षिण आफ्रिकेकडून उभे होते तेच स्मट्स, ज्यांना चौतीस वर्षांपूर्वी गोखले भेटले होते. हा आमचा घरचा मामला आहे, असं त्यांचं म्हणणं. ८ डिसेंबरला ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन-तृतीयांश बहुमतानं, भारताचा ठराव मंजूर झाला. त्याच वर्षी भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. जगात असं करणारा पहिला देश. आपल्या निर्यातीतला पाच टक्क्यांहून जास्त हिस्सा त्या देशाला जात होता, तो सोडून दिला. स्वातंत्र्य मिळायला अजून वर्ष होतं आणि आपण स्वतंत्र देशासारखे वागायला लागलो होतो. मला तरी स्वातंत्र्याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा माहीत नाही. पुढं राज्यघटनेत कलम ५१ आलं, आंतरराष्ट्रीय शांतता आणि राष्ट्राराष्ट्रांतले न्याय्य, सन्मानाचे संबंध यांची जबाबदारी राज्यावर टाकणारं. ते कागदावर यायच्या आधी अमलात आलेलं होतं.

सुदान ब्लॉकच्या दर्शनी दालनात पांढरा संगमरवर आहे आणि भिंतींवर परमवीरचक्र, अशोकचक्र मिळवलेल्या माजी कॅडेट्सची चित्रं. त्यातले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे परमवीरचक्र मिळवणारे प्रबोधिनीचे पहिले विद्यार्थी. ते पडले ते आपल्या सरहद्दीवर नव्हे, तर काँगोत. ५ डिसेंबर १९६१, एलिझाबेथव्हिल शहराबाहेर. खाणींवर डोळा ठेवून कटांगा प्रांत काँगोपासून तोडायचा डाव होता, तो हाणून पाडायला संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या फौजेत आपली ब्रिगेड होती. सोळा गुरखे सोबत घेऊन सलारियांनी नव्वद जणांवर हल्ला चढवला. वय सव्वीस. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाचे तुकडे होऊ नयेत म्हणून. आजवर अडीच लाखांहून जास्त भारतीय जवान अशा मोहिमांवर गेलेत. दक्षिण सुदानात डिसेंबर २०१३ मध्ये अकोबो इथं तळावर आसरा घेतलेल्या नागरिकांवर जमाव चालून आला, तेव्हा आडवे आलेले आपले दोन जवान मारले गेले.

हे सगळं सांगताना ऊर भरून येतो आणि म्हणूनच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५६ च्या नोव्हेंबरात ब्रिटन-फ्रान्सनं सुएझवर हल्ला केला तेव्हा भारत कडाडून बोलला. त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि आपण चाचरलो. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, या मागणीचा ठराव आला तेव्हा आपण विरोधात मत दिलं. सार्वभौम देशात बाहेरच्यांनी निवडणुका घेऊ नयेत, हा युक्तिवाद. पण तीनच वर्षांपूर्वी सुदानातल्या अशाच देखरेखीखालच्या निवडणुकीच्या अध्यक्षपदी आपला माणूस बसला होता! सुदान वसाहत होती, हंगेरी सार्वभौम होता, हा फरक कायद्याच्या पुस्तकात बरोबर असेल. रणगाड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तो कळत नाही.

आणि खुद्द सुदान. २००३ साली आपल्या सरकारी तेल कंपनीनं, ओएनजीसी विदेशनं, तिथल्या ग्रेटर नाईल तेल प्रकल्पात २५ टक्के हिस्सा विकत घेतला. कॅनडाची कंपनी घरच्या टीकेला कंटाळून बाहेर पडली होती, ती जागा आपण घेतली. देशाला तेल लागतं, हे मला मान्य आहे. आपला बहुतांश तेलपुरवठा बाहेरूनच येतो आणि गरीब माणसाचा स्टोव्ह त्याच्यावर चालतो. पण त्याच वर्षी सुदानच्या पश्चिमेकडचं दारफुर पेटलं. गावंच्या गावं जाळली गेली, लाखो माणसं परागंदा झाली, आणि आपला आवाज फार हळू निघाला. १९४६ मध्ये पाच टक्के निर्यात सोडणारा देश २००३ मध्ये तेलविहिरींपाशी जपून बोलत होता. कुणी म्हणेल, मोठ्या देशाला असंच वागावं लागतं. मला उलट वाटतं. १९४६ चा भारत लहान, भुकेला आणि हतबल होता. सोडण्यासारखं त्याच्याकडे फार थोडं होतं आणि तरी त्यानं सोडलं. आज आपल्याकडे पुष्कळ आहे.

तारतम्य लागतं हे पुण्यानं एकदा अगदी जवळून पाहिलं. २०२१ च्या जानेवारीत पुण्याजवळच्या मांजरीहून कोविडच्या लशीचे कंटेनर पूजा करून निघाले. २० तारखेला भूतान आणि मालदीवला पहिल्या खेपा गेल्या. २४ फेब्रुवारीला घानाच्या अक्रा विमानतळावर सहा लाख डोस उतरले. गरीब देशांना लस पोचवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून कुठल्याही देशाला पोचलेली ती पहिली खेप, पुण्यात बनलेली. महिन्याभरात दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. इथं बेड नाहीत, ऑक्सिजनसाठी नातेवाईक रात्रभर फोन लावतायत, त्या वेळी लस बाहेर पाठवा असं म्हणायची माझी हिंमत झाली नसती. तरीही ज्या आफ्रिकी देशांनी आपल्यावर भिस्त ठेवली होती, तिथल्या नर्स दुसऱ्या डोसची वाट बघत राहिल्या, हेही खरंच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केनियानं बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे भारतात पाठवले. महाराष्ट्रात कोविडशी झुंजणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी. आपल्याकडे काहींनी त्याची टर उडवली. मला वाईट वाटलं होतं. अडल्या वेळी ज्याच्याकडे जे आहे ते तो घेऊन येतो. आपल्या गावाकडे दुसरं काय करतात?

आता मला हा विषय का चिकटला ते सांगते. कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक सुदानी मुलगा भाड्यानं राहायचा. खार्टूमशेजारच्या ओमदुर्मानचा, एमएस्सी करायला आलेला. मला काकू म्हणायचा. पुण्यात सुदानी विद्यार्थी येण्याला काही दशकं झाली. त्याचे एक मामाही इथंच शिकून गेलेले. रोजे सुटायच्या वेळी तो कधी कधी कॉफी आणून द्यायचा, लांब मानेच्या मातीच्या भांड्यात केलेली, आलं घातलेली. जबना म्हणतात त्याला. आल्याचा वास आला की आमच्या घरात सगळे मान वर करत.

१५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू झालं. ऐन रमजान. दोन-तीन दिवसांनी मी वर गेले. फोन चार्जरला लावलेला, तो जमिनीवर बसलेला. त्यानं स्क्रीन माझ्यासमोर धरला. आईला पाठवलेले निरोप एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर एकच टिक. तो दर मिनिटाला स्क्रीन खाली ओढायचा आणि सोडायचा. अंगठ्याला तीच सवय लागलेली. बोलायला मला काही सुचेना. खाली येऊन मी पिठलं-भात केला आणि वर पाठवला.

पुढच्या आठवड्यात आपल्या सरकारनं तिथं अडकलेल्या भारतीयांना परत आणायला ऑपरेशन कावेरी सुरू केलं. आयएनएस सुमेधा पोर्ट सुदानहून २७८ माणसं घेऊन जेद्दाहला निघालं. हवाई दलाचं एक विमान खार्टूमजवळच्या वादी सय्यिदनाच्या धावपट्टीवर रात्री, दिवे नसताना उतरलं आणि १२१ जणांना घेऊन आलं. एकूण ३,८६२ माणसं सुटली. हे सोपं काम नव्हतं. लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलावं लागतं, सौदी अरेबियासारख्या देशाचं बंदर मिळावं लागतं, आणि वर्षानुवर्षं जोडलेली ओळख त्या एका आठवड्यात कामाला येते. मुत्सद्देगिरी म्हणजे शिखर परिषदेतले फोटो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही मोहीम नीट वाचावी. टीव्हीवर जहाजाचं दृश्य आलं तेव्हा तो आमच्याकडेच बसला होता. म्हणाला, "काकू, तुमची माणसं निघाली. बरं झालं." त्याला ते मनापासून वाटत होतं. स्वतःची आई कुठं आहे हे माहीत नसताना.

तिचा पत्ता नंतर लागला. बहिणीला घेऊन ती बसनं इजिप्तमध्ये पोचली होती, अस्वानला. जीव वाचला होता, पण खार्टूममधल्या बँका बंद, मामांचे पैसे अडकलेले, आणि इकडे शेवटच्या सत्राची फी भरायची. कॉलेजच्या कार्यालयात मी त्याच्याबरोबर गेले. खिडकीतले गृहस्थ वाईट नव्हते. "मॅडम, आम्ही काय करणार, परदेशी विद्यार्थ्यांना हप्ते नाहीत. मुदत संपली की फॉर्म घेत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. मग सोसायटीतल्या काही जणांनी आणि त्याच्या वर्गातल्या मुलांनी मिळून भरली. पोरगं पास झालं. सध्या कैरोत आहे, आईजवळ, नोकरी शोधतंय.

प्रश्न एका मुलाचा होता तोवर आम्ही निभावून नेलं. पण सुदानचं युद्ध थांबलेलं नाही. एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून गेलीत; घरदार सोडावं लागलेल्या माणसांचं आज जगातलं सगळ्यात मोठं संकट ते हेच, असं संयुक्त राष्ट्रं सांगतात. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला आतल्या पानावर चार ओळी मिळतात. मला वाटतं, भारतानं यावर जाहीर बोलावं, वारंवार बोलावं. दोन्ही सेनापतींना शस्त्रं पुरवणारे देश आपले मित्र असले तरी. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेनं (आयसीसीआर) सुदानी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या वाढवाव्यात. आणि पुण्यातल्या विद्यापीठांनी, ज्यांची परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चांगली कमाई होते, युद्धात सापडलेल्या देशांतल्या मुलांसाठी हप्त्यांचा साधा नियम करावा, व्हिसा वाढवायला लागणारं पत्र त्याच दिवशी द्यावं. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. कुलसचिवांची सही पुरते. काही संस्थांना मी तसं लिहिलंय. एका ठिकाणहून उत्तर आलं आहे, भेटीची वेळ दिली आहे. तुमच्या ओळखीत कुणी अशा संस्थेत काम करत असेल, तर त्यांच्या कानावर घाला.